मुलांना जुनी थडगी, समाध्या आणि वीरगळ कसे दाखवावेत

बेळगाव, खानापूर, हुक्केरी आणि चिकोडी या तालुक्यांतील जुन्या गावांत मृतांच्या खुणा सहसा एकाच आवारात सापडत नाहीत. दहन करणाऱ्या घरांचा मसणवटा ओढ्याकाठी असतो, लिंगायतांची दफनभूमी वेगळ्या अंगाला असते, कबरस्तान बहुधा दर्ग्याच्या आसपास असते, गोसाव्यांच्या समाध्या एखाद्या मठामागे असतात आणि या सर्वांहून जुने असलेले वीरगळ, म्हणजे पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, मारुतीच्या देवळासमोर किंवा वेशीजवळ शेंदूर लावून घेत उभे असतात. मुलांना हे दाखवायचे तर हा विखुरलेला पसारा आधी मोठ्या माणसाला ठाऊक हवा. पुढे जी पद्धत सांगितली आहे ती मूळची माझ्या आजोबांची आहे. ते मोजणी खात्यातून निवृत्त झाले होते, आम्ही त्यांना आज्जा म्हणत असू, आणि हिवाळ्याच्या सुट्ट्यांत ते आम्हा भावंडांना घेऊन असे दगड पाहत हिंडत. त्यांचा भर दगड पाहण्यापेक्षा त्याची नोंद करण्यावर होता. तो भर मला आजही योग्य वाटतो, कारण पाहिलेले दगड रस्त्याच्या रुंदीकरणात आणि देवळाच्या जीर्णोद्धारात भराभर जागा सोडत आहेत.

सुरुवात घरीच, गावनकाशापासून करावी. भूमापन खात्याच्या गावनकाशात दफनभूमी, मसणवटा, गायरान आणि ओढे वेगळे दाखवलेले असतात आणि कर्नाटकात हे नकाशे आता संगणकावरही पाहता येतात. नकाशात दफनभूमी म्हणून दाखवलेल्या तुकड्यावर आज घरे किंवा ऊस दिसत असेल, तर तेथे कडेला एखाद-दुसरा दगड उरलेला असण्याची शक्यता असते. नकाशा मुलाच्याच हाती द्यावा आणि ओढा, देऊळ, पाऊलवाट या खुणांवरून जागा त्यालाच शोधू द्यावी. आज्जा आमच्याकडून पावलांनी अंतर मोजून घेत आणि मग फीत लावून आमची पावले किती लबाड आहेत ते दाखवीत. पाऊल एकदा तपासून घेतले की फीत नसतानाही बऱ्यापैकी अंदाज करता येतो.

काळ निवडताना घाई करू नये. खानापूरकडे पाऊस सरल्यावरही गवत कमरेएवढे असते, ओल असते आणि दगडांच्या फटींत काय आहे ते दिसत नाही. दिवाळीनंतर गवत कापले जाते आणि डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा ठरतो. मात्र याच दिवसांत खाजकुयलीच्या शेंगा वाळलेल्या असतात आणि कुसळे मोज्यांत शिरतात, म्हणून मुलांना पूर्ण बाह्यांचा सदरा, लांब विजार आणि बंद बूट घालावेत. जांभ्या दगडाच्या माळावर फुरसे आढळते. ते लहान असते आणि मातीच्या रंगात मिसळून जाते. काठीने पुढचे गवत हलवीत चालावे, दगडाच्या फटीत हात घालू नये आणि बसण्यापूर्वी जागा नीट पाहावी. साप चावल्यास वेळ न दवडता सरकारी दवाखाना गाठावा. मंत्र घालणाऱ्याकडे जाण्यात गेलेली वेळ परत येत नाही.

परवानगी ही औपचारिकता नाही, कारण खरी माहिती तेथेच मिळते. दर्ग्यात मुजावराला, म्हणजे तेथील सेवेकऱ्याला, मठात स्वामींना किंवा त्यांच्या शिष्याला, चर्चच्या दफनभूमीत फादर किंवा पाळकांना आणि गावात देवळाच्या कट्ट्यावर बसलेल्या वयस्कर माणसांना आधी भेटावे, आपण कोणाचे कोण आणि कोठून आलो हे सांगावे आणि काय पाहायचे आहे ते सरळ बोलावे. आपल्या भागात मराठीत विचारलेल्या प्रश्नाला कन्नडमध्ये उत्तर येते आणि कन्नडमध्ये विचारलेल्याला मराठीत, यात कोणालाही काही वावगे वाटत नाही. आज्जा दगडाकडे जाण्यापूर्वी शेजारच्या घरी पाणी मागत आणि पाणी पिता पिता त्या दगडाला घरातली माणसे काय म्हणतात ते काढून घेत. अंत्यविधी चालू असेल, उरूस असेल किंवा अमावस्येची पूजा मांडलेली असेल, तर निमूटपणे परतावे आणि दुसऱ्या दिवशी यावे. अलीकडच्या थडग्यांची छायाचित्रे काढू नयेत. तेथे कोणाचे तरी दुःख अजून ताजे असते.

बरोबर फार सामान नको. एक वही, पेन्सिल, मोजपट्टी, मऊ कुंचला, हातात मावणारा आरसा, विजेरी, पिण्याचे पाणी आणि एक मोठा पंचा एवढे पुरते. पंचा कशासाठी, ते पुढे येईल.

मुलांना पहिला दगड दाखवायचा तो वीरगळच दाखवावा, असे माझे मत आहे. त्यावर चित्रे असतात, त्यामुळे लिपी न येणाऱ्यालाही तो वाचता येतो आणि त्यात गोष्ट असते. हळशी आणि देगाव ही गोव्याच्या कदंबांच्या काळातील मंदिरांची गावे या भागातच आहेत, आणि कदंब, रट्ट, यादव अशा राजवटींच्या काळात लढाईत, गावाच्या रक्षणात किंवा पळवलेली गुरे सोडवताना मेलेल्या माणसांसाठी असे दगड उभे केले गेले. सर्वसाधारण वीरगळावर एकावर एक तीन किंवा चार चौकटी असतात आणि त्या खालून वर वाचायच्या असतात. येथे पंचा कामाला येतो. वरच्या चौकटी पंच्याने झाकाव्यात आणि मुलाला फक्त तळची चौकट पाहू द्यावी. आज्जा उकिडवे बसून विचारीत, "वर बघू नको. खाली काय काय दिसायलंय, तेवढं सांग." आम्ही आधी माणूस शोधत असू. ते म्हणत, "माणूस राहू दे, गुरं मोज."

हे गुरे मोजणे मोठे उपयोगी ठरते. तळच्या चौकटीत एका कडेला गायींची रांग दिसली, तर तो गोधन सोडवताना पडलेला वीर समजावा. त्या काळी गुरे ही गावाची संपत्ती होती आणि ती हाकून नेणे हे युद्धाचे एक निमित्तच होते. गायींऐवजी घोडेस्वार किंवा हत्ती दिसले, तर मोठ्या लढाईचा संबंध असू शकतो. समोर वाघ किंवा डुक्कर असेल, तर मृत्यू शिकारीत किंवा श्वापदाशी झुंजताना आला असावा. वीराच्या हातात ढाल-तलवार आहे, धनुष्य आहे की भाला, केस बांधलेले आहेत की मोकळे, पायाशी पडलेली माणसे किती, हे सगळे मुलाला बोलून दाखवायला सांगावे आणि मोठ्याने फक्त लिहून घ्यावे. मूल चुकीचे सांगत असेल तरी लगेच दुरुस्त करू नये. वरची चौकट उघडली की ते बहुधा स्वतःच मागे वळून पाहते.

मग पंचा एक चौकट वर सरकवावा. मधल्या चौकटीत तोच वीर आता दोन्ही बाजूंनी अप्सरांनी धरलेला असतो, कधी पालखीत तर कधी विमानात बसलेला असतो. सर्वांत वरच्या चौकटीत तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला असतो, बाजूला पुजारी आणि कधी नंदी असतो आणि टोकाशी सूर्य-चंद्र कोरलेले असतात. सूर्य आणि चंद्र असेपर्यंत ही कीर्ती राहो, असा त्याचा अर्थ आहे. सर्वच दगड शैव नसतात. लिंगाच्या जागी पद्मासनात बसलेली जिनमूर्ती दिसली तर ती वेगळी टिपून घ्यावी, कारण या भागात जैन परंपरा जुनी आणि भक्कम आहे. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती हे जैन मंदिर त्याची साक्ष आहे. दोन चौकटींच्या मधल्या पट्टीवर बारीक अक्षरे असतील, तर ती बहुधा हळेकन्नडमध्ये, म्हणजे जुन्या कन्नडमध्ये, असतात. ती आपण वाचायचा हट्ट धरू नये. छायाचित्र नीट काढून जाणकाराकडे द्यावे. धारवाडच्या कन्नड संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी अशी माणसे भेटतात. नव्या समाध्यांवरचे कन्नड मात्र शाळेत कन्नड शिकणारी आपली मुले घडाघडा वाचतात आणि ज्या आजोबांना ते येत नाही, त्यांनी त्या वेळी खुशाल विद्यार्थी व्हावे.

वीरगळाशेजारी कधी कोपरात वाकलेला, उभ्या पंज्याचा आणि बांगड्या भरलेला एक हात कोरलेला दगड असतो. ती सतीशिळा. कधी हा हात वीरगळाच्याच एका चौकटीत असतो. मुले लगेच विचारतात आणि तेथे मोठी माणसे गडबडतात. जे घडले ते साध्या शब्दांत सांगावे : नवरा मेल्यावर त्याच्या चितेवर बायकोला जाळण्याची चाल होती, मुंबई इलाख्यात ती १८३० मध्ये कायद्याने बंद झाली आणि ती बंद झाली हे बरे झाले. गावातील स्त्रिया त्या दगडाला हळदकुंकू वाहत असतील तर त्यांच्यासमोर व्याख्यान देऊ नये, पण मुलासमोर त्या चालीचा गौरवही करू नये.

मुसलमान कबरी पाहताना पादत्राणे बाहेर काढावीत आणि डोक्यावर रुमाल घ्यावा. कबर दक्षिणोत्तर असते, कारण मृताचे तोंड मक्केच्या दिशेला, म्हणजे आपल्याकडे पश्चिमेला, केलेले असते. हे कळल्यावर मुले ढगाळ दिवशीही दिशा सांगू लागतात. जुन्या दगडी कबरीच्या माथ्यावर लांबट उंचवटा असेल तर त्याला कलमदान म्हणतात आणि ती पुरुषाची कबर मानतात. माथा पाटीसारखा सपाट असेल तर ती तख्ती, म्हणजे स्त्रीची कबर. हुक्केरीचे आदिलशाही वळणाचे घुमट मुलांना अवश्य दाखवावेत. एवढा मोठा घुमट आणि आत एवढीशी कबर, हे पाहून त्यांना जे प्रश्न पडतात, ते शिक्षकांनाही सहसा सुचत नाहीत.

बेळगावच्या कॅम्पातील इंग्रजांची जुनी दफनभूमी हा वेगळाच प्रकार आहे. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांच्या हाती गेला, छावणी वसली आणि सैनिक, अधिकारी, त्यांच्या बायका आणि मुले येथल्या मातीत जाऊ लागली. अशा दफनभूमीत मुलांना वजाबाकीचे काम द्यावे. जन्म आणि मृत्यूची तारीख वाचायची, वय काढायचे आणि वहीत लिहायचे. थोड्याच वेळात त्यांच्या लक्षात येते की म्हातारी माणसे कमी आहेत आणि तान्ही मुले व विशी-पंचविशीतले शिपाई जास्त आहेत. पटकी आणि ताप यांच्यापुढे त्या काळच्या डॉक्टरांचे काही चालत नसे, हे मग वेगळे सांगावे लागत नाही. काही दगडांवर बाईचे स्वतःचे नाव लहान आणि नवऱ्याचा हुद्दा मोठा असतो. तेही टिपायला सांगावे.

तेथील चिन्हांची ओळख आधी करून द्यावी. मध्येच तुटलेला खांब दिसला तर तो कोणी फोडलेला नसतो, अकाली मृत्यू दाखवण्यासाठी तो तसाच घडवलेला असतो. वस्त्राने अर्धवट झाकलेला कलश शोकाचे चिन्ह आहे आणि जहाजाचा नांगर आशेचे. उंच, वर निमुळता होत जाणारा चौकोनी स्तंभ हा त्या काळचा आवडता प्रकार होता. दगडाच्या अगदी तळाशी, मातीलगत, घडवणाऱ्या कारखान्याचे नाव कधी सापडते आणि दगड कोठून आला ते त्यावरून कळते. संगमरवरावरची काही अक्षरे शिशाची असत. शिसे काढून नेलेले असले तरी ते बसवण्यासाठी पाडलेली बारीक भोके राहतात. विजेरी अगदी तिरकी धरून ती भोके पेन्सिलीने कागदावर उतरवली आणि ठिपके जोडले, तर हरवलेले नाव पुन्हा उभे राहते. आम्हा भावंडांत या कामासाठी भांडणे होत. मुंबई इलाख्यातील ख्रिस्ती दफनांच्या नोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, त्यामुळे नाव आणि साल मिळाले की पुढचा शोध घेता येतो.

मूल जरा मोठे झाले की त्याला एकाच घटनेच्या दोन बाजू दाखवाव्यात. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी कित्तूरच्या लढाईत धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला आणि त्याचे स्मारक धारवाडला आहे. त्याच लढाईची नायिका राणी चन्नम्मा १८२९ मध्ये बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत वारली आणि तिची समाधी बैलहोंगलला आहे. तिच्यामागे लढत राहिलेल्या संगोळ्ळी रायण्णाला १८३१ च्या जानेवारीत खानापूर तालुक्यातील नंदगड येथे फाशी दिले आणि तेथे वडाखाली त्याची समाधी आहे. तिन्ही जागा एकाच दिवसात उरकू नयेत. प्रत्येक ठिकाणी दगड इंग्रजांच्या बाजूने बोलतो की आपल्या, कोणी उभारला, केव्हा उभारला, आज तेथे फुले कोण वाहते, एवढेच विचारून घरी यावे.

अक्षरे वाचण्याची खरी युक्ती उजेडात आहे. भर दुपारी कोरीव काम सपाट दिसते. सकाळचे कोवळे ऊन किंवा सूर्य मावळण्यापूर्वीचा तास निवडावा, कारण तिरप्या उजेडात प्रत्येक रेषेला सावली येते. दगड झाडाच्या सावलीत असेल तर आरशाने ऊन बाजूने टाकावे. एक मूल आरसा धरते, दुसरे वाचते आणि दोघेही कामात राहतात. खडू, पीठ, राख किंवा कुंकू अक्षरांत भरू नये. खडूने ओरखडे उठतात आणि पिठाने मुंग्या व बुरशी येतात. तारेचा ब्रश, आम्ल आणि फरशी धुण्याची औषधे तर दगडाजवळही नेऊ नयेत. घट्ट काळ्या दगडावर स्वच्छ पाण्याचा हलका शिडकावा चालतो, पण पापुद्रे सुटणाऱ्या दगडावर तोही करू नये. शेवाळ आणि दगडफूल खरवडू नये. शेंदूर खरवडणे तर सर्वथा वर्ज्य, कारण आपल्यासाठी जो पुरावा आहे तो गावासाठी देव आहे. जांभ्यावर बारीक अक्षर टिकत नाही, त्यामुळे खानापूरकडची जांभ्याची कोरी थडगी पाहून निराश होऊ नये. त्यांची लांबी-रुंदी आणि दिशा हीच त्यांची माहिती असते.

सालांचे गणित मुलांना आवडते, फक्त ते थोडक्यात सांगावे. शकाच्या आकड्यात ७८ किंवा ७९ मिळवले की इसवी सन येतो, म्हणून शके १७५० म्हणजे १८२८ किंवा १८२९. हिजरी वर्ष चंद्राचे असल्याने लहान असते. त्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवावे, म्हणजे जवळचे वर्ष मिळते. केवळ संवत्सराचे नाव असेल तर घाई करू नये, ते नाव ६० वर्षांनी पुन्हा येते.

आता वही. प्रत्येक दगडाला एक पान द्यावे आणि वर गाव, जागा व दगडाचा क्रमांक लिहावा. खाली उंची, रुंदी, जाडी, दगडाचा प्रकार, तोंड कोणत्या दिशेला आहे, किती भाग मातीत गाडलेला आहे, चौकटी किती आणि त्यांत काय आहे, हे लिहावे. गावातील लोक त्या दगडाला काय म्हणतात हे त्यांच्याच शब्दांत लिहावे, मग ते आपल्याला चुकीचे वाटले तरी. एखाद्या वीरगळाला गाव बिरोबा म्हणत असेल तर वहीत बिरोबाच राहू द्यावा आणि आपले मत वेगळ्या ओळीत लिहावे. माहिती सांगणाऱ्याचे साधारण वय आणि दिनांक लिहावा. छायाचित्रे समोरून, दोन्ही बाजूंनी, प्रत्येक चौकटीचे आणि आजूबाजूच्या परिसरासह अशी काढावीत आणि मोजपट्टी दगडाला न टेकवता शेजारी उभी धरावी. चित्र मुलानेच काढावे. छायाचित्रात न दिसणारी कट्यार मुलाच्या वेड्यावाकड्या रेखाटनात सापडते, कारण रेखाटताना त्याला ती पाहावीच लागते. एका फेरीत एकच दगड हा आज्जांचा नियम होता आणि आम्ही कितीही विनवण्या केल्या तरी तो मोडत नसे.

भीतीचा प्रश्न येतोच. मूल घाबरत असेल तर ओढून नेऊ नये, बाहेरच्या कट्ट्यावर बसून नकाशा सांभाळायला द्यावा. आपल्याच बेळगावात सदाशिवनगरच्या स्मशानभूमीत ६ डिसेंबरला, डॉ. आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणदिनी, अंधश्रद्धेविरुद्ध कार्यक्रम होतो आणि लोक तेथे जेवतात, हे मुलांना सांगितले तर त्यांचा धीर वाढतो. घरच्या रीतीशी मात्र तंटा करू नये. आमची आज्जी आंघोळ केल्याशिवाय कोणालाही स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नसे आणि दगड मोजून आलेले आज्जासुद्धा मुकाट्याने न्हाणीघराकडे वळत. धुळीने माखलेल्या पोरांना आंघोळ हवीच होती.

दगड हलवणे, घरी आणणे किंवा "सुरक्षित जागी" म्हणून उचलून देवळात नेऊन बसवणे टाळावे. जागा सुटली की निम्मी माहिती जाते आणि दफनाच्या जागेची विटंबना हा गुन्हाही आहे. ट्रॅक्टरच्या नांगराला नवा दगड किंवा ताम्रपट लागला, तर तो तसाच ठेवून तलाठ्याला आणि तहसीलदारांना कळवावे. वही पूर्ण झाली की तिच्या प्रती काढाव्यात. एक ग्रामपंचायतीत, एक गावच्या शाळेत आणि एक ज्याने माहिती दिली त्याच्या घरी द्यावी. पुढे एखादा दगड रस्त्यासाठी हलवला गेला असे कळले, तर जुनी नोंद न खोडता त्याच पानावर नवी जागा, हलवल्याचा दिनांक आणि हलवणाऱ्याने सांगितलेले कारण लिहावे.